मंडईचा सीझन तोंडावर आला: कीबोर्डच्या सेटिंग सेव्ह कशा करता?

वैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडया म्हणजे जत्रा भरतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. त्यानंतर शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती. म्हणजे होळीपर्यंत आम्हाला उसंत नाही. मी वडसा भागातल्या एका नाट्यमंडळीत कीबोर्ड वाजवतो, यामाहा पीएसआर-ई४६३. आतापर्यंत नाट्यगीतं आमचे ऑर्गनवाले काका सांभाळायचे. पार्श्वसंगीत आणि लावणी तेवढी माझ्याकडे असायची. काकांच्या गुडघ्यांनी आता पायाने चालवायच्या भात्याला नकार दिलाय, त्यामुळे यंदा गीतंही माझ्याच गळ्यात.

अडचण सांगतो. नायकाचा सूर काळी १ (म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा), नायिकेचा काळी ४, आणि विनोदी पात्र गातं पांढरी ४ ला. माझी बोटं पांढरी १ ला बसलेली, म्हणून ट्रान्सपोज फिरवतो, म्हणजे बोटं तिथेच ठेवून अख्ख्या कीबोर्डचा सूर खालीवर सरकवतो. प्रवेश संपतो, रंगमंचावर अंधार होतो, आणि तेवढ्या अंधारात मला ऑर्गनवरून स्ट्रिंग्सवर जायचं असतं, ट्रान्सपोज उणे ४ वरून अधिक १ वर आणायचा असतो आणि ठेका व टेम्पोही बदलायचा असतो. त्यात मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा पियानो आणि ट्रान्सपोज शून्य.

रजिस्ट्रेशन मेमरीची, म्हणजे लावलेली सेटिंग बटणावर साठवायची सोय आहे हे माहीत आहे. विचारायचं आहे ते असं, की तुम्ही लोक ती लावता कशी? प्रवेशांच्या क्रमाने की गायकांच्या सुराप्रमाणे? आणि लाइट गेली तर सेव्ह केलेलं राहतं का?

कपाशीवाला
राहते भाऊ. नसतं राहत तं मेमरी कायले म्हटलं असतं?

तांत्रिक_तात्या
राहतं, पण थोडं नीट समजून घ्या, सीझनभर उपयोगी पडेल.

ई४६३ मध्ये ८ बँका, प्रत्येक बँकेत ४ बटणं, म्हणजे ३२ जागा. बँक-मेमरीचं बटण सेकंदभरापेक्षा जास्त दाबून धरायचं, बँक निवडायची आणि मग १ ते ४ पैकी हवं ते बटण दाबायचं. त्या क्षणी पॅनेलवर जे काही लावलेलं आहे, म्हणजे मुख्य आवाज, जोडीचा ड्युअल आवाज, डाव्या हाताचा स्प्लिट, रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा), ठेका, टेम्पो, ट्रान्सपोज, ते सगळं त्या बटणावर जातं. त्या जागेवर आधी काही असेल तर ते पुसलं जातं आणि मशीन परवानगी विचारत नाही. म्हणून सेव्ह करण्याआधी बँकेच्या आकड्याकडे एकदा बघायचंच.

हे फ्लॅश मेमरीत लिहिलं जातं, तिला वीज लागत नाही. लाइट गेली, मशीन महिनाभर पेटीत पडलं, तरी तसंच राहतं. धोका फक्त लिहिणं चालू असतानाचा. पडद्यावर लिहिण्याचा संदेश असताना अडॅप्टर निघाला तर डाटा बिघडू शकतो. त्यामुळे सेव्हिंगचं काम घरी, शांतपणे, खात्रीच्या विजेवर करा. जनरेटरवर करू नका.

काय सेव्ह होत नाही तेही सांगतो. व्हॉल्यूमची मुख्य खुंटी हाताने फिरवायची असते, ती जिथे आहे तिथेच राहते. आणि बहुतेक कीबोर्डांत मास्टर ट्यूनिंग अख्ख्या वाद्याचं एकच असतं, बटणागणिक बदलत नाही.

पेटीमास्तर_आर्वी
मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, कीबोर्ड पाच-सहा वर्षांपासून. माझं स्पष्ट मत आहे की गायकाच्या सुराप्रमाणेच लावा. आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमात कोण कधी उठून भजन धरेल याचा नेम नसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन म्हटलं की खंजिरी आधी सुरू होते आणि सूर मागून मिळतो. तिथे क्रमाने लावलेलं काही उपयोगाचं नाही. माझी एक बँक म्हणजे एक गायक. बटण १ वर साधी पेटी, २ वर पेटी आणि मागे स्ट्रिंग्स, ३ वर बासरी, ४ वर तानपुरा. चारही बटणांचा ट्रान्सपोज एकच. गायक उठला की बँक बदलली, झालं.

वैनगंगाकाठ
मास्तर, चारही बटणांचा ट्रान्सपोज एकच, हे मुद्दाम का?

पेटीमास्तर_आर्वी
गाणं चालू असताना बटण बदलावं लागतं म्हणून. अंतऱ्याला बासरी घ्यायची आहे आणि त्या बटणावर ट्रान्सपोज शून्य असला, तर बासरी थेट दुसऱ्या पट्टीत वाजते. गायक एकीकडे, आपण दुसरीकडे, आणि समोरचे लोक गायकाच्याच तोंडाकडे बघतात. बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

दंडारप्रेमी
मला जरा वेगळं बोलायचं आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या नाटकाला ऑर्गनचा जो भरीव सूर आहे तो या प्लास्टिकच्या पट्ट्यांतून येत नाही. भात्याने श्वास घ्यावा लागतो, त्यात गायकाला दम घ्यायला जागा मिळते. तुम्ही लोक बटणावर सूर ठेवायला लागलात, तर पुढच्या पिढीला काळी ४ ला बोटं कशी बसतात हेच कळणार नाही. रियाज करा, सगळ्या पट्ट्यांतून वाजवा. ट्रान्सपोज हा आळस आहे.

नागपुरी_पोट्टा
काका, स्केलचेंजर पेटीत अख्खी पट्टीच सरकवतात ना? मग तिथे नाई होत आळस? मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. एका रात्रीत तीन गायक, एक गायिका, आणि डान्सवाल्या पोट्ट्यांचा वेगळा ट्रॅक. रियाज तं करतोच, पण रात्री दोन वाजता बोटं थंडीनं आखडली की ट्रान्सपोजच कामी येते.

दंडारप्रेमी
पोट्ट्या, तुझं ऑर्केस्ट्राचं खरं असेल. मी नाट्यगीताबद्दल बोलतोय. गीतातल्या हरकती बोटांच्या ठेवणीतून येतात आणि पट्टी बदलली की ठेवण बदलते. आपले नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा अख्ख्या झाडीपट्टीची मान उंच झाली. त्या रंगभूमीची साथसंगतही त्याच तोलाची राहावी, एवढंच म्हणणं आहे.

वैनगंगाकाठ
काका, तुमचं म्हणणं पोचलं, आणि मनापासून पोचलं. आमचे ऑर्गनवाले काकाही तेच म्हणतात. त्यांच्याकडेच बसून काळी ४ ची गीतं शिकतोय, पण सीझन त्यासाठी थांबणार नाही.

सुरेल_मावशी
तुमसरहून लिहिते आहे. आमचं महिला भजनी मंडळ आहे, कॅसिओ सीटी-एक्स ७०० घेतलं. त्यात पण ३२ जागा आहेत. स्टोअर बटण दाबून धरायचं आणि १ ते ४ मधलं बटण दाबायचं, तितकंच.

मला सांगायचं आहे ते अंधाराबद्दल. देवळात लाइट मंद असते आणि चष्म्यातून बटणावरचा बारीक आकडा दिसत नाही. मी सुनेच्या नेलपॉलिशने २ नंबरच्या बटणावर एक ठिपका दिला आणि तो वाळल्यावर त्याच्यावरच आणखी दोन थर. आता बोटाला उंचवटा लागतो. तिथून डावीकडे १, उजवीकडे ३ आणि ४. बघावंच लागत नाही. ठिपका बटणाच्या मधोमध द्यावा, कडेला दिला तर रंग फटीत उतरून बटण अडकतं.

वैनगंगाकाठ
मावशी, हे तर लाखमोलाचं! आजच बहिणीची नेलपॉलिश मागतो.

कपाशीवाला
मागून घेजो भाऊ, न विचारता नेऊ नको. नाटकाआधीच तमाशा होईन.

शाळामास्तर_पुसद
थोडं विषयाला सोडून. आमच्या शाळेत एका दात्याने यामाहा पी-४५ दिला आहे. त्याला रजिस्ट्रेशनच नाही का? प्रार्थनेला मी ऑर्गनचा आवाज लावतो, दुसऱ्या दिवशी पाहावं तर पुन्हा ग्रँड पियानो.

तांत्रिक_तात्या
मास्तर, नाही. पी-४५ हा शिकणाऱ्यासाठी केलेला साधा डिजिटल पियानो आहे, चालू केला की ग्रँड पियानोवरच येतो. फंक्शनचं बटण धरून पट्टी दाबून आवाज बदलायचा, हे रोजचंच. कोणती पट्टी ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून वर चिकटवा, मुलंसुद्धा लावतील. डिजिटल पियानोतच सेटिंग टिकायला हवी असेल तर वेगळं मॉडेल बघावं लागेल. उदाहरणार्थ रोलँडच्या एफपी-३०एक्स मध्ये मेमरी बॅकअप नावाची सोय आहे, ती केली की लावलेली सेटिंग पुन्हा चालू केल्यावरही राहते. पण प्रार्थनेपुरता ऑर्गन हवा असेल तर नवीन वाद्यावर खर्च करू नका.

शाळामास्तर_पुसद
चिठ्ठी चिकटवली. आभार. सातवीच्या मुलींनी सुंदर अक्षरात लिहिली आहे.

नागपुरी_पोट्टा
वैनगंगाकाठ भाऊ, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. मी पीएसआर-एसएक्स वाजवतो. यात दोन गोष्टी तुमच्या मशीनपेक्षा जास्त आहेत आणि पुढेमागे बदलायचं झालं तं ध्यानात ठेवा. एक म्हणजे फ्रीझ. समजा ठेका चालू आहे आणि मले फक्त उजव्या हाताचा आवाज बदलायचा आहे. स्टाईल, म्हणजे ठेका, फ्रीझ केली की रजिस्ट्रेशन बदललं तरी ठेका तसाच चालू राहते. दुसरी, रजिस्ट्रेशनचा क्रम लावून ठेवता येते आणि पायाच्या पेडलनं पुढे पुढे जाता येते. दोन्ही हात पट्ट्यांवरच.

तुमच्या ई४६३ वर फ्रीझचं काम हातानं करावं लागते. म्हणजे एका गाण्याच्या चारही बटणांवर ठेका आणि टेम्पो हुबेहूब तोच ठेवून सेव्ह करायचा, फक्त आवाज वेगळा. मास्तरांनी ट्रान्सपोजचं सांगितलं, तसंच टेम्पोचं. १०४ च्या जागी १०५ सेव्ह झाला तं ढोलकीवाल्याले लगेच समजते.

ढोलकी_तिरोडा
समजते म्हणजे काय, हातच थबकते!

आणखी एक गोठ. कीबोर्डवाले ट्रान्सपोज बदलतात तेव्हा ठेक्यातला ड्रम बदलत नाही, बास आणि कॉर्ड बदलतात. हे बरोबरच आहे, पण आमची ढोलकी आणि तबला तं एका सुराला चढवलेला असते. काळी ४ वरून काळी १ वर एका झटक्यात गेलात तर आम्ही काय करायचं? सेटिंग लावताना तबलजीले सोबत बसवा. कोणत्या गीतानंतर कोणतं हे त्याले आधी कळू द्या, तो दुसरा डग्गा नाही तरी दुसरा तबला लावून ठेवते.

वैनगंगाकाठ
हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या तबलजी दादांना रविवारी बोलावतो.

ट्रान्सपोजचीच एक शंका. नायिकेच्या काळी ४ साठी उणे ४ घ्यायचा की अधिक ८? सूर तोच येतो, पण ऐकायला फरक वाटतो.

पेटीमास्तर_आर्वी
फरक असतोच, मध्ये अख्खं सप्तक आहे. उणे ४ ला ऑर्गन भरदार आणि खालचा लागतो, अधिक ८ ला चिरका होतो. गीताच्या साथीला उणे ४. गायिकेच्या वर तुकडा वाजवायचा असेल तर त्या बटणावर आवाजाचं ऑक्टेव्ह एक पायरी वर करून सेव्ह करा, ट्रान्सपोजला हात लावू नका. नाहीतर डाव्या हाताचा बासही वर पळतो.

मोर्शीची_संत्री
बॅटरी घालून ठेवली तर लाइट गेल्यावर मशीन चालूच राहील ना? मग कसलीच काळजी नको. आमच्या गावात ऐन हरिपाठाच्या वेळी लाइट जाते.

तांत्रिक_तात्या
संत्री ताई/दादा, यावर भिस्त ठेवू नका. बॅटरी आत असताना अडॅप्टरची वीज तुटली तर मशीन क्षणभर बंद पडू शकतं, कंपनीच्या पुस्तिकेतच तशी सूचना असते. बंद पडून चालू झालं की पॅनेल मूळपदावर येतं. रजिस्ट्रेशन शाबूत असतं, पण तुम्हाला बँक पुन्हा निवडावी लागते. नाटकाला किंवा हरिपाठाला सरळ पहिल्यापासून बॅटरीवर वाजवा, नाहीतर अडॅप्टर छोट्या यूपीएसमधून घ्या.

अडॅप्टरचंही सांगून ठेवतो, माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कीबोर्डांत हे फार दिसतं. मांडवात एकाचा अडॅप्टर दुसऱ्याला लावतात. ई४६३ ला १२ व्होल्ट लागतात, मावशींच्या सीटी-एक्स ७०० ला ९.५. पिन बसते म्हणून लावू नका. अडॅप्टरवर मशीनचं नाव लिहून चिकटपट्टी लावा.

आणि यामाहा अर्धा तास वाजवला नाही तर आपोआप बंद होतो. नाटकात लांब संवादाचा प्रवेश असला की हे हमखास घडतं. सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून धरून मशीन चालू करा, ते आपोआप बंद होणं थांबतं. सगळ्यात उजवीकडची पांढरी पट्टी मात्र दाबून चालू करू नका. त्याने बॅकअप पुसला जातो आणि मशीन कारखान्यातून आल्यासारखं कोरं होतं.

नागपुरी_पोट्टा
तात्या, हे उजव्या पट्टीचं पोरासोरांपासून लपवून ठेवा. मांडवात कीबोर्ड उघडा दिसला की लेकरं पट्ट्यांवर हात ठेवूनच उभी असतात.

सुरेल_मावशी
तात्या, माझ्या धाकट्या दिरांकडे जुना सिंथेसायझर आहे, मुंबईच्या एका वादकाकडून घेतलेला. त्यातले सगळे आवाज एकदम गेले, नुसता खरखर करतो. फ्लॅशमध्ये असतं तर गेलं कसं?

तांत्रिक_तात्या
मावशी, जुन्यात फ्लॅश नव्हती. १९८३ चा यामाहा डीएक्स७ घ्या. त्यात ३२ आवाज राहायचे, पण ज्या मेमरीत राहायचे तिला सतत वीज लागायची. म्हणून आत एक लिथियमचा बटणसेल असायचा. सेल संपला की आवाज गेले. दिरांचं वाद्य त्याच घराण्यातलं असणार. सेल बदलून मिळतो, पण काही मॉडेलांत तो बोर्डावर डागलेला असतो, तेव्हा जाणकाराकडूनच करून घ्या. नवीन सेल बसला की मूळ आवाज मिडी केबलने संगणकावरून परत भरता येतात.

त्याच्याही आधी तर बहुतेक वाद्यांत सेव्हच नव्हतं. वादक खुंट्यांच्या जागा कागदावर काढून ठेवायचे आणि कार्यक्रमात त्या बघून एकेक खुंटी फिरवायचे. १९७८ ला प्रॉफेट-५ आला, त्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि ४० आवाज बटणावर परत यायचे. तुमचं बँक-बटण तिथूनच चालत आलेलं आहे. मला हे सगळं फार आवडतं, त्यामुळे लांबलं.

मोर्शीची_संत्री
लांबू द्या तात्या, वाचायला छान वाटलं. आणि दादा नाही, ताई.

दंडारप्रेमी
कागदाचं वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी प्रत्येक ऑर्गनवाल्याची वही असायची. गीताचा मुखडा, पट्टी, ठेका, आणि कोणत्या वाक्यावर सूर धरायचा ते वाक्य. वैनगंगाकाठ, बटणं तू काहीही लाव, पण ते वाक्य कुठे सेव्ह करणार? ते वहीतच लागेल.

वैनगंगाकाठ
काका, अगदी पटलं. वही घातली.

रविवारी तबलजी दादा, ऑर्गनवाले काका आणि मी तिघं बसलो. प्रवेशाचा क्रम की गायकाचा सूर, यावर बराच खल झाला. आमचं नाटक एकच आणि तेच गावोगाव होतं, क्रम ठरलेला असतो, म्हणून अंकाप्रमाणे बँक लावली. पहिला अंक बँक १ आणि २, दुसरा ३ आणि ४, तिसरा ५ आणि ६. गीत जिथे येतं तिथे त्या बँकेतली चारही बटणं त्याच गायकाच्या पट्टीत, मास्तरांनी सांगितलं तशी. बँक ७ मध्ये तीन बटणांवर तिघांचे साधे ऑर्गन आहेत, ठेका नाही, काही नाही. प्रेक्षकांनी वन्समोअर मागितला किंवा नटाने मध्येच गीत धरलं तर तिथे जायचं. बँक ८ फक्त पार्श्वसंगीताची: मारामारी, रडणं, पाऊस आणि खलनायकाची एंट्री.

नांदीला काकांनी हट्टाने स्वतःचा ऑर्गनच ठेवलाय. गुडघे दुखले तरी नांदी मी वाजवणार, म्हणाले. आम्ही दोघांनीही ते मान्य केलं. फक्त त्यांच्या ऑर्गनचा सूर माझ्या कीबोर्डपेक्षा किंचित चढा निघाला.

तांत्रिक_तात्या
मग मास्टर ट्यूनिंग त्यांच्या ऑर्गनला मिळवून घे. फंक्शनमध्ये ४४० हर्ट्झच्या आसपास आहे, थोडं थोडं वर ने आणि दोन्ही वाद्यांवर एकच सूर धर. डुलणारी लाट थांबली की जुळलं. ऑर्गन हलत नाही, कीबोर्ड हलतो, त्यामुळे तूच जुळवून घ्यायचं.

आणि सगळं लावून झालं की पेनड्राइव्हवर युजर फाइल, म्हणजे सेव्ह केलेल्या सेटिंगची फाइल काढ. पेनड्राइव्ह त्या कीबोर्डवरच फॉरमॅट कर.

नागपुरी_पोट्टा
पेनड्राइव्ह दोन ठेवा, एक मंडळीच्या मॅनेजरकडे. मशीनच खराब झालं तं दुसऱ्या कोणाचं ई४६३ मागून त्यात फाइल टाकली की सुरू.

सुरेल_मावशी
ती फाइल माझ्या कॅसिओत चालेल का रे? तुझी पावसाची सेटिंग हवी आहे, गोकुळाष्टमीला.

वैनगंगाकाठ
मावशी, नाही चालणार, कंपनी वेगळी म्हणजे फाइलही वेगळी. पण सेटिंग साधी आहे, लिहून देतो. मुख्य आवाज स्ट्रिंग्स, त्याला जोडून ड्युअलमध्ये हळूवार बेल, बेलचा आवाज निम्म्याहून कमी, रिव्हर्ब हॉलचा आणि भरपूर, ठेका बंद. पट्ट्या पांढरी ६, काळी ४, पांढरी ४ अशा वरून खाली हलक्या सोडायच्या. टच रिस्पॉन्स चालू ठेवा, म्हणजे थेंब लहानमोठे वाटतात. तुमच्या मशीनवर ड्युअलला लेअर म्हणतात.

सुरेल_मावशी
लावलं. बँक ५, बटण १ वर ठेवलं. बेल अजून थोडी कमी केली, बाकी तसंच.